निकाली पकड

कुस्ती दोन प्रकारची असते. एक घड्याळाची आणि दुसरी निकाली. घड्याळाच्या कुस्तीत वेळ संपली की पंच दोघांना सोडवतो आणि गुण मोजून कुणाचा तरी हात वर करतो. निकालीत घड्याळ नसतं. एकाची पाठ मातीला लागेपर्यंत दुसऱ्यानं सोडायचं नाही, मग सूर्य बुडो नाहीतर पंचाचा घसा बसो. आमच्या कोल्हापूर भागात घड्याळाच्या कुस्तीला जुनी माणसं कुस्ती म्हणतच नाहीत, व्यायाम म्हणतात.

या 'निकाली' शब्दापायी माझ्या भावाच्या हातून एक माणूस मेला. तो मरत होता तेव्हा माझा भाऊ ढसाढसा रडत होता आणि त्याचे हात त्या माणसाचा गळा आवळत होते. दोन्ही एकाच अंगात चाललं होतं. हे कसं होऊ शकतं ते पोलिसांच्या डोक्यात शिरलं नाही, वकिलाच्या अर्धवट शिरलं, आणि बातम्यावाल्यांनी शिरवून घेतलंच नाही. 'यंत्रमानवानं मल्लाचा जीव घेतला' असा मथळा देऊन ते मोकळे झाले. माझा भाऊ यंत्रमानव नाही. तो गाढव आहे, ते वेगळं.

मी ईश्वरी मगदूम. स्वराज माझा धाकटा भाऊ. तालमीत धोबीपछाड टाकताना तो स्वतःच डोक्यावर पडला आणि मानेचा चौथा मणका मोडला. मानेखालचं सगळं गेलं. हात गेले, पाय गेले, श्वाससुद्धा गेला. वीस वर्षांपूर्वी असं झालं असतं तर यंत्रावर श्वास घेत छताकडं बघत त्याचं आयुष्य सरलं असतं. पण आता सांधा निघाला आहे, आणि सांधे लिहिणं हाच माझा धंदा आहे.

सांधा म्हणजे मसुराच्या डाळीएवढी वस्तू. तुटलेल्या मज्जारज्जूच्या दोन टोकांमध्ये ती बसवतात. वरून मेंदू काय म्हणतो ते ती ऐकते आणि खालच्या नसांना सांगते. ऐकायला सोपं वाटतं, पण अडचण होती उष्णतेची. मोबाईलमधली साधी चिप तिथं बसवली तर आजूबाजूची नस शिजून निघेल. म्हणून संशोधकांनी उलटा विचार केला. चिपमधून एकेक गोष्ट काढत गेले आणि विचारत गेले, हे नसलं तर चालेल का? शेवटी उरल्या दोन पट्ट्या आणि चार शब्द. पट्टी म्हणजे एक आकडा, लहान किंवा कितीही मोठा. चार शब्द म्हणजे वाढव, घटव, शून्य आहे का बघ, आणि अमुक ओळीवर जा. संपली भाषा. तिला बेरीजसुद्धा येत नाही. बेरीज हवी असेल तर एका पट्टीतून एक काढायचा, दुसरीत एक घालायचा आणि पहिली रिकामी होईपर्यंत हेच करत राहायचं.

गेल्या शतकातल्या गणितज्ञांनी कागदावर सिद्ध करून ठेवलं होतं की जगातला कितीही मोठा संगणक जे काही काढू शकतो, ते सगळं या दोन आकड्यांवर आणि चार शब्दांवर काढता येतं. वेळ मात्र भयंकर लागतो, म्हणून कुणी ते वापरायच्या भानगडीत पडलं नाही. बुद्धीचा खेळ म्हणून ते पुस्तकात राहिलं. मग अशा पट्ट्या निघाल्या की ज्या डोळ्याचं पातं लवेपर्यंत अब्जावधी वेळा वाढतात-घटतात आणि तरी कोमट होत नाहीत. पुस्तकातला खेळ माणसांच्या मानेत जाऊन बसला.

स्वराजचा सांधा मीच लिहिला. आधी श्वास, मग बोटं, मग पाय. तो पहिल्यांदा स्वतःच्या हातानं चहा प्यायला तेव्हा आई देवघरात जाऊन बसली आणि मी बाहेर जाऊन रडले. पलंगावर पडून कंटाळलेला स्वराज म्हणाला, "तायडे, मला पण शिकीव की. किती शब्द हाईत म्हणालीस?"

"चार."

"चारच? आमच्या वस्तादांच्या शिव्या ह्याच्याहून जास्त हाईत."

त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत तो शिकला. दहावीत गणितात काठावर पास झालेला मुलगा! मोठी भाषा असती तर त्याच्या हाताला लागली नसती. ती लहान आहे, कुणालाही येते आणि तिला काहीही येतं, त्यातच सगळा घात आहे.

कारण या भाषेत फेरा दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, 'तीस वेळा फिर आणि थांब.' दोन, 'अमुक होईपर्यंत फिर.' पहिला फेरा थांबतो म्हणजे थांबतोच. दुसरा थांबेल की नाही, हे दरवेळी आधी ओळखून दाखवील अशी एकही रीत जगात नाही आणि निघूही शकत नाही. हेसुद्धा गणितज्ञांनी सिद्ध करून ठेवलं आहे. चालवून बघायचं आणि वाट पाहायची. तासभर थांबला नाही तर तो पुढच्या क्षणी थांबणार आहे की कधीच थांबणार नाही, हे बाहेरून सांगता येत नाही. गंमत अशी की यंत्राची खरी ताकद या दुसऱ्याच फेऱ्यात असते. श्वासाचं काम सोडलं तर मी सगळीकडं पहिलाच वापरते. माझे रोगी जरा सावकाश हलतात, पण अडकत नाहीत.

वर्षभरात स्वराज तालमीत परत गेला. अधिकृत स्पर्धांमध्ये सांधेवाल्यांना बंदी आहे, पण जत्रेच्या मैदानांत उलट मागणी असते. सांध्याचा गडी विरुद्ध अखंड गडी म्हटलं की माणूस झाडावर चढून बघतो. अडचण एकच होती. सांध्यातून जाणारा निरोप किंचित उशिरा पोचतो. स्वराज डाव बरोबर टाकायचा, पण समोरच्यानं हिसका दिला की पकड निसटायची.

आण्णाप्पा चौगुले वस्ताद स्वतः आमच्या घरी आले. सत्तरीचा माणूस, कान दोन्ही मोडलेले, पाठ अजून फळीसारखी ताठ. त्यांच्या पाठीला आयुष्यात एकदाही माती लागलेली नाही असं सगळा तालुका सांगतो.

"पोरगं दुखलं की सोडतंय," ते म्हणाले. "त्येला धरायला शिकीव."

मी शिकवलं. त्याच्या मेंदूनं 'धर' म्हटलं की पुढचं सगळं सांधा बघणार. समोरचा जिकडं जोर लावील तिकडून आवळणार. तेवढ्या वेळात वरून येणारा निरोप बंद, म्हणजे दुखलं, भ्यालं, घाबरलं तरी हात ढिले पडणार नाहीत. आणि सांध्यानं तीस मोजले की पकड आपोआप सुटणार.

वस्तादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तीस मोजून?"

"हो."

"मोजून दळण देत्यात ग पोरी. पकड नव्हं. एकदा धरलं की चीत होईपर्यंत धरायचं, त्येला निकाली म्हणत्यात."

"वस्ताद, 'होईपर्यंत' लिहिलं आणि झालंच नाही तर?"

ते हसले. "साठ वर्सं मातीत हाय मी. निकाली कुस्ती सुटली न्हाई असं कधी झालं न्हाई. कोण तरी एक चीत होतोच."

"आजवर झालं नाही म्हणून होणार नाही असं नसतं."

"बघ बाबा तुझं गणित," असं म्हणून ते उठले. मी तीसची मोज तशीच ठेवली. स्वराज कोपऱ्यात बसून दोरी वळत होता. तो गप्प असतो तेव्हा त्याचं काहीतरी ठरलेलं असतं, पण त्या दिवशी मी वस्तादांशी भांडून जिंकले होते, त्यामुळं खूश होते.

पंचगंगेकाठच्या एका गावची जत्रा. गावाचं नाव घेत नाही, आधीच बरंच बदनाम झालं आहे. हौद्यात तांबडी माती, तिच्यात ताक, तेल आणि हळद कालवलेली. चारी बाजूंनी माणसं. हलगी कडाडत होती. शेवटची कुस्ती स्वराज मगदूम विरुद्ध शिवतेज शेडबाळे, निकाली.

शिवतेज मिरजेकडचा. स्वराज इस्पितळात निपचित पडला होता तेव्हा हा पोरगा दर रविवारी यायचा, आईनं दिलेले डिंकाचे लाडू डब्यातून आणायचा आणि 'तू खात न्हाईस तर मी खातो' म्हणत त्याच्यासमोर बसून सगळे स्वतःच संपवायचा. स्वराज त्या काळात फक्त त्याच्यासमोर हसला. शिवतेजचे वडील कल्लाप्पा काका स्वतः जुने मल्ल, हौद्याच्या काठावरच मांडी घालून बसले होते. त्यांनी मला हात केला. मी पंचांशेजारी उभी होते. माझ्या पिशवीत चुंबक होतं. मैदानात उतरताना सांध्याचं बिनतारी दार बंद करायचं असा नियम आहे, म्हणजे बाहेरून कुणी लबाडी करू नये. एखादी पकड चालू असेपर्यंत ते दार उघडत नाही. अगदीच वेळ आली तर चुंबक मानेला लावायचं. सांधा झोपतो, सगळा, श्वासासकट.

सलामी झाली, खडाखडी झाली. मग मारामारीच सुरू झाली म्हणायला हरकत नाही. शिवतेजनं कपाळ असं आपटलं की स्वराजची भुवई फुटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. स्वराजनं त्याचा पाय ओढून त्याला तोंडावर पाडलं, त्याचा ओठ दातांत सापडून चिरला. दोघं उठले, पुन्हा भिडले. शिवतेजनं कोपर मारून त्याच्या बरगडीचा आवाज काढला. लोक उभे राहिले. मला हे बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती, खोटं कशाला बोलू.

मग स्वराजनं मोळी बांधली. या डावात एका हातानं समोरच्याची मान आणि दुसऱ्यानं त्याचा पाय धरून, सरपणाची मोळी बांधावी तसा माणूस वाकवून एकत्र आवळतात आणि उताणा पाडतात. शिवतेज वाकला, पण उताणा पडण्याऐवजी कुशीवर पडला. तिथंच रुतून बसला. एक खांदा मातीत, दुसरा हवेत.

मी मनात मोजायला लागले. तीस झाले. पकड सुटली नाही.

माझं मोजणं चुकलं असेल असं वाटलं. पुढं मोजत राहिले. शिवतेजचा चेहरा लाल होता तो जांभळा झाला. त्याचा मोकळा हात माती खरडत होता, मग खरडेनासा झाला. पंचांनी स्वराजच्या पाठीवर थाप मारली. "सोड. सोड रे, तो गप झालाय."

स्वराजनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मान आणि चेहरा तेवढा सांध्याच्या वर आहे, तेवढा त्याचा स्वतःचा आहे. त्या चेहऱ्यावर रक्त आणि पाणी वाहत होतं.

"तायडे," तो म्हणाला, "सुटंना."

मी हौद्यात उडी मारली. "तीसची मोज कुठंय?"

"काढली मी. घटवची ओळ काढली."

"आणि सुटायचं कधी, ते काय लिहिलंस?"

वस्ताद माझ्यामागं येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "मी सांगितलं त्येला. माणूस चीत झाला की एकदा उसळतो आणि मग अंग ढिलं टाकतो. दर वक्ताला असंच असतंय. उसळी, मग ढिलाई. मग सोड."

बरोबर होतं ते. मातीवर पाठ टेकलेला प्रत्येक मल्ल शेवटची एक उसळी घेतो, हे साठ वर्षं बघितलेल्या माणसाचं ज्ञान होतं. फक्त शुद्ध हरपलेला माणूस उसळत नाही. तो नुसता ढिला पडतो. सांधा शिवतेजच्या उसळीची वाट बघत होता आणि शिवतेज उसळायच्या पलीकडं गेला होता.

तेवढ्यात कल्लाप्पा काका आणि त्यांच्या गावची पोरं आत घुसली. त्यांनी शिवतेजचे पाय धरून ओढायला सुरुवात केली. सांध्याच्या दृष्टीनं हा समोरच्या मल्लाचा जोर होता. हात आणखी आवळले. कुठंतरी कड् असा आवाज झाला.

"ओढू नका, ओढल्यानं आवळतंय," मी ओरडत होते. कोण ऐकणार? एकानं स्वराजच्या पाठीत काठी घातली. दुसऱ्यानं कोपरावर. हाड मोडलेलं मला दिसलं, तरी तो मोडका हात सुटला नाही, कारण वरून येणारा निरोप बंद होता. ते पाहून लोक जास्तच पिसाळले. "सोडत न्हाई बघा भडवा, मारा त्येला." दगड आले. एक माझ्या कानाला लागला. आमच्या तालमीची पोरं त्यांच्यावर धावून गेली आणि हौद्यात खरीखुरी कत्तल व्हायचीच तेवढी बाकी राहिली. पोलीस बाहेरून शिट्ट्या फुंकत होते. आणि या सगळ्याच्या मध्ये माझा भाऊ एखाद्या लहान मुलासारखा रडत, शिवतेजच्या कानाशी तोंड नेऊन म्हणत होता, "उसळ की रं. एकदा उसळ मर्दा. लई न्हाई, एकदा."

माझा हात पिशवीत चुंबकावर होता. काढत नव्हते. चुंबक लावलं तर स्वराजचा श्वास बंद, आणि त्या गर्दीत काठ्यांखाली मी त्याला किती वेळ जगवणार होते? मला माझा भाऊ हवा होता. एकदा मसणातून परत आणलेला होता तो. शिवतेज गेलाच असेल, असं मी मनाला सांगत होते, कारण तसं असलं तर मला काही करायची गरज नव्हती.

स्वराजनं पुन्हा माझ्याकडं बघितलं. "लाव," तो म्हणाला.

"श्वास जाईल तुझा."

"ठाऊक हाय. लाव म्हणतोय न्हवं. त्येच्या मानेत अजून धडधड लागतीया."

मी लावलं.

दोन्ही हात एकदम गळाले. शिवतेज मोळीतून मोकळा झाला आणि पोरांनी त्याला उचलून पळवलं. त्याची मान भलत्याच बाजूला लोंबत होती. स्वराज मातीत पडला, डोळे उघडे, ओठ हलत होते पण आवाजाला वारा नव्हता. त्याही अवस्थेत कुणीतरी त्याच्या पोटात लाथ घातली. वस्तादांनी त्या माणसाला गळ्याला धरून बाजूला फेकला आणि आमच्यावर आडवे उभे राहिले. त्यांच्या पाठीवर बसलेल्या काठ्यांचे आवाज मला ऐकू येत होते.

मी स्वराजच्या तोंडात श्वास भरत होते. असं किती वेळ करणार? चुंबक काढायला हवं होतं. पण सांधा झोपला तरी त्याचे आकडे पुसत नाहीत. मीच तसं लिहिलं होतं, नाहीतर दरवेळी श्वास पहिल्यापासून शिकवावा लागला असता. चुंबक काढलं की सांधा जिथं होता तिथूनच सुरू होणार. श्वास सुरू होणार, आणि पकडही. रिकाम्या हातांनी तो स्वतःचीच छाती आवळणार, बरगड्या फुप्फुसात घुसेपर्यंत. त्या हातांत कुणीतरी असायला हवं होतं, जे उसळेल आणि मग ढिलं पडेल.

वस्तादांना हे माझ्याआधी कळलं. "सर बाजूला. मी शिरतो."

"तुम्हाला जमणार नाही."

"का? म्हातारा झालो म्हणून?"

"तुमचं अंग कधी हरलं नाही, वस्ताद. गळा आवळला की ते लढणार. ढिलं टाका म्हटलं तरी टाकणार नाही."

आयुष्यभराच्या कौतुकाचा असा उपयोग होईल असं त्यांना वाटलं नसणार.

मी स्वराजचा मोडका हात माझ्या मानेमागं घेतला, दुसरा गुडघ्याखाली. पाठ मातीला लावली. चुंबक काढलं.

तो हात हाड मोडलेला असूनही असा आवळला की माझ्या डोळ्यांपुढं काळं झालं. गुडघा छातीत घुसला. आतलं काहीतरी तुटलं, ते माझंच होतं. स्वराजचा श्वास सुरू झालेला माझ्या गालाला लागत होता आणि तो 'तायडे, तायडे' म्हणत होता. मी सगळा जोर लावून एकदा उसळले. मग ढिलं पडायचं होतं. सांगायला सोपं आहे. गळा आवळला जात असताना माणसाचं अंग काय काय करतं ते मला तेव्हा कळलं. हात आपोआप वर जातात, नखं बाहेर येतात. मी माझी बोटं मातीत खुपसून ठेवली आणि मेल्यासारखी पडले. सांध्यानं थोडी वाट बघितली. मला ती फार मोठी वाटली. मग हात सुटला.

शिवतेज इस्पितळात पोचण्याआधी गेला. मान मोडली होती. ती स्वराजनं मोडली की ओढणाऱ्यांनी, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही, आणि कोर्टात अजून त्याच्यावरच वाद चालला आहे.

त्यानंतरची गोष्ट थोडी आहे. शुद्धीवर आल्याबरोबर स्वराज म्हणाला, "हातातलं सगळं काढ. पायातलं पण." मी नको म्हणाले, तो ऐकेना. मी सांधा उघडला आणि एकेक ओळ पुसत गेले. बोटं गेली, मनगटं गेली, पाय गेले. शेवटी श्वास तेवढा उरला. पलंगावर परत तोच पहिल्यासारखा निपचित भाऊ. माझ्या तीन बरगड्यांना पट्टा होता, त्यामुळं त्याला कुशीवर वळवताना दोघंही कण्हायचो.

एक दिवस दुपारी तो म्हणाला, "तायडे, श्वासाला मोज घाल."

मला कळलं नाही असं मी दाखवलं.

"एक आकडा घाल. मोठा घाल पाहिजे तर. रोज एकेक घटव. शून्य झालं की थांब. मीच केलं असतं, चार तर शब्द हाईत. पण लिहायला हात न्हाईत."

माझं डोकं फिरलं. मी त्याच्यावर इतकी चिडले होते की पट्ट्याखालच्या बरगड्या दुखायला लागल्या. "मोजून धरायची लाज वाटत होती ना तुला?" मी म्हणाले. "चीत होईपर्यंत सोडायचं नाही असं लिहिलंस ना? मग आता मोजून कशाला मरतोस? तुझ्या एका ओळीपायी तो पोरगा गेला, मी तुला चुंबक लावलं, तुझ्या हातात मरता मरता वाचले. आता आणखी एक ओळ माझ्याकडून लिहून घेणार? नाही लिहिणार. जा, काय करायचं ते कर."

तो काहीच करू शकत नव्हता, हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. त्यानं डोळे मिटले.

दाराशी कुणीतरी खाकरलं. कल्लाप्पा काका उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. अंगावर साधा सदरा, हातात काही नाही, दाढी वाढलेली. आई आतून बाहेर आली आणि त्यांना बघून भिंतीला टेकून उभी राहिली.

"मला बसीव," स्वराज मला हळूच म्हणाला. मी त्याला उठवून उशांना टेकवून बसवलं.

काका पलंगाशी आले आणि त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. जुन्या मल्लाचा हात होता, खोलीत आवाज घुमला. स्वराजचं धड एका बाजूला कललं आणि उशांवरून घसरत खाली जायला लागलं. त्याला ते सावरता येत नव्हतं. नाकातून रक्त आलं. मी पुढं झाले तोवर काकांनीच त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढून सरळ बसवलं आणि एका हातानं तसंच धरून ठेवलं.

"एवढंच सांग," ते म्हणाले. "माझं पोरगं चीत झालं हुतं का?"

"न्हाई काका. एक खांदा वरच हुता. चीत झाला असता तर सुटला असता."

"मग ती कुस्ती कुणाची?"

"त्येची."

काकांनी त्याला सोडलं नाही. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल सुरू झाली आणि लांब गेली.

"पुढच्या जत्रंला त्या हौद्यावर ये," ते म्हणाले. "उचलून आणू आम्ही. माइकवर सगळ्यांसमोर हे सांग. तवर मरायचं न्हाई, कळलं?"

"सांगतो," स्वराज म्हणाला.